जुन्या कलावंताची स्मरणवही कशी करावी : ललिता पवार यांच्या निमित्ताने

आमच्या घरी एखादी माहेरवाशीण सासूचे गाऱ्हाणे सांगू लागली, की आजी एवढेच विचारत असे, "म्हणजे अगदी ललिता पवार का?" पडद्यावरच्या खाष्ट सासूच्या त्या एका नावात सगळे काही आले, असे तिला आणि ऐकणाऱ्या सर्वांनाच वाटत असे. मात्र आजीने ललिताबाईंना पहिल्यांदा कोणत्या चित्रपटात पाहिले, कोणत्या गावच्या थिएटरात, कोणाबरोबर, हे मी तिला कधीच विचारले नाही. ती गेल्यानंतर तिच्या फडताळात चित्रपटांच्या गाण्यांच्या दोन जीर्ण पुस्तिका सापडल्या. त्या तिने इतकी वर्षे का जपून ठेवल्या होत्या, हे सांगणारे तेव्हा घरात कोणी उरले नव्हते. जुन्या नटनट्यांची आठवण जपण्यासाठी एक वही करावी, हे मला त्या दिवशी सुचले. त्यानंतर केलेल्या वह्यांतून जी पद्धत हाती आली, ती येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवातीला एक साधी दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची वही घ्यावी आणि ती एकाच कलावंतासाठी ठेवावी. अनेकांची माहिती एकत्र केली की ती चार ओळींच्या नोंदींची जंत्री होते आणि तिच्यातून कोणीच नीट उभे राहत नाही. कलावंत निवडताना तो किती थोर होता यापेक्षा, त्याला पडद्यावर प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आज आपल्या आसपास आहेत का, याचा विचार आधी करावा. १९५५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. चित्रपट पुढेही पाहता येईल, पण तो पहिल्या आठवड्यात थिएटरात पाहिलेल्या माणसाला विचारण्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत. मी ललिता पवार यांची निवड केली, कारण मूकपट, बोलपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांतून त्यांचा प्रवास झाला आणि तरीही लोकांच्या मनात त्यांची एकच प्रतिमा उरली.

वहीच्या पहिल्या पानावर कलावंताची ओळख लिहावी. मूळ नाव, पडद्यावरचे नाव, जन्मगाव, जन्म आणि मृत्यू यांच्या तारखा, एवढेच. ललिताबाईंचे मूळ नाव अंबा. जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा, निधन २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात. हे पान सोपे वाटते, पण सर्वांत अधिक चुका याच पानावर होतात. निधनाची बातमी वर्तमानपत्रात एक-दोन दिवसांनी येते, म्हणून अंकावरची तारीख ही निधनाची तारीख समजू नये. बातमीचा मजकूर नीट वाचावा. जुन्या काळात पडद्यावरची नावे वेगळी असत, एकाच नावाचे दोन कलावंतही असत. अभिनेत्री सुलोचना म्हणजे सुलोचना लाटकर, तर लावणीसम्राज्ञी म्हणून ओळखल्या गेलेल्या सुलोचना चव्हाण या वेगळ्या. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांतील जयश्री वेगळ्या आणि जयश्री गडकर वेगळ्या. श्रद्धांजलीच्या मजकुरात एकीचे काम आणि दुसरीचे छायाचित्र छापलेले पाहिले, की मन फार खट्टू होते. म्हणून छायाचित्र चिकटवण्यापूर्वी ते कोणत्या चित्रपटातील आहे, याची खात्री करावी आणि ते शक्य नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी.

पुढची दहा-बारा पाने कामांच्या यादीसाठी राखावीत. वर्ष, चित्रपट, भाषा, भूमिका आणि 'स्वतः पाहिला की नाही', असे पाच रकाने आखावेत. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरावा, कारण न पाहिलेल्या कामाबद्दल ऐकीव स्तुती लिहिण्याचा मोह याच यादीतून सुरू होतो. ललिताबाईंच्या यादीत 'नेताजी पालकर' (१९३९), प्रभात फिल्म कंपनीचा 'रामशास्त्री' (१९४४), 'श्री ४२०' आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' (दोन्ही १९५५), 'अनाडी' (१९५९), 'जंगली' आणि 'संपूर्ण रामायण' (दोन्ही १९६१), 'आनंद' (१९७१) एवढी नावे जरी क्रमाने मांडली, तरी 'खाष्ट सासू' हा शिक्का किती अपुरा आहे ते दिसू लागते. 'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई घ्या. नव्याने मुंबईत आलेल्या नायकाशी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करणारी ही बाई पुढे त्याच्यावर आईसारखी माया करते. 'अनाडी'मधली घरमालकीण मिसेस डिसा भाड्यासाठी भांडते आणि त्याच वेळी त्या पोराची काळजीही वाहते. याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांच्या अभिनयाचा गौरव केला.

यादी क्रमवार असण्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. कलावंतांबद्दल सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिका तिच्यावर पारखून घेता येतात. ललिताबाईंच्या बाबतीत सर्वांना ठाऊक असलेली हकीकत अशी, की १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांनी प्रसंगाची गरज म्हणून मारलेली थप्पड चुकून जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दीर्घ उपचार घ्यावे लागले आणि नायिकेच्या भूमिकांचा मार्ग बंद झाला. हे सांगताना पुष्कळदा 'त्या तीन वर्षे घरीच होत्या' अशी पुस्ती जोडली जाते. परंतु आपल्या यादीत १९४४ सालचा 'रामशास्त्री' आहे आणि त्यात त्यांनी आनंदीबाईंची भूमिका केली आहे. म्हणजे त्या वर्षांकडे केवळ दुर्दैवाची रिकामी वर्षे म्हणून पाहणे बरोबर नाही. ती उपचारांची होती तशीच कामाचीही होती. ज्या आनंदीबाईंचे नाव 'ध चा मा' केल्याबद्दल मराठी माणसाच्या कायमचे लक्षात राहिले, तीच भूमिका या बाईंनी दुखऱ्या चेहऱ्यानिशी पेलली, ही गोष्ट थप्पडेच्या गोष्टीपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. आणि आठवण लिहिणाऱ्याने तर ध चा मा होऊ न देण्याची खबरदारी पदोपदी घ्यावी. भगवान यांच्याबद्दलही न्यायाने लिहावे. तो अपघात होता आणि 'अलबेला'मुळे (१९५१) घराघरांत पोहोचलेला तो स्वतः एक मोठा कलावंत होता.

आता या वहीतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. नटाचे स्मरण म्हणजे त्याचे काम पुन्हा पाहणे, असे माझे ठाम मत आहे. जन्मतारखा आणि पुरस्कार हे त्या पाहण्याची पूर्वतयारी म्हणून गोळा करायचे. संपूर्ण चित्रपट एकदा पाहून झाला की त्यातील चार-पाच मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा आणि तो तीन वेळा पाहावा. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहावा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहावा. तेव्हा हात काय करतात, पदर कधी सावरला जातो, समोरचा बोलत असताना नजर कोठे असते, हे सारे दिसू लागते. ललिताबाईंच्या बाबतीत डाव्या डोळ्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. जी इजा दुसऱ्या कोणी कॅमेऱ्यापासून लपवली असती, तिचाच त्यांनी नजरेची धार म्हणून उपयोग करून घेतला, हे आवाज बंद असताना जसे जाणवते तसे एरवी जाणवत नाही. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकावे. वाक्याचा शेवट वर जातो की खाली, शब्द तोडून बोलले जातात की ओढून, श्वास कोठे घेतला जातो, ते लिहून काढावे. प्रत्येक वेळी पाच-सहा ओळींपेक्षा अधिक लिहू नये आणि विशेषणे टाळून जे दिसले, ऐकू आले तेवढेच लिहावे. 'अप्रतिम अभिनय' असे लिहिल्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. 'बोलणे संपल्यावरही ती दोन क्षण दारातच उभी राहते' असे लिहिले की तो प्रसंग जिवंत होतो.

ऐकताना एक भान ठेवावे. बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांत पार्श्वगायनाची पद्धत रुळलेली नव्हती आणि नट स्वतःच गात असत. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस स्वतः गातात आणि 'कुंकू'मध्ये (१९३७) शांता आपटे यांचा गाता गळा हा त्यांच्या अभिनयाचाच भाग आहे. नंतरच्या काळातील नायिकेच्या तोंडचे गाणे दुसरीच कोणी गायलेले असते. म्हणून 'आवाज कोणाचा' ही नोंद प्रत्येक गाण्याच्या प्रसंगापुढे करावी. 'संत तुकाराम'मधील एक गाणे कवी शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले होते, पण ते इतके अस्सल उतरले की पुष्कळांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. असे घोटाळे निस्तरण्यात जो आनंद आहे, तो या कामाचा खरा मोबदला आहे.

त्याच चित्रपटात जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी यांचा उल्लेख मला टाळवत नाही. आजारी मुलाला घेऊन देवळात शिरणारी आणि हातात वहाण घेऊन साक्षात पांडुरंगाला जाब विचारणारी ती बाई ज्याने एकदा पाहिली, तो तिला विसरत नाही. परंतु तिचे नाव किती जणांना ठाऊक असते? दुय्यम भूमिका करणाऱ्यांची स्मरणवही आधी करावी, असे मला वाटते ते यासाठीच. नायक-नायिकांची आठवण ठेवणारे पुष्कळ असतात.

चित्रपटच उपलब्ध नसेल तर काय करावे, हा प्रश्न मूकपटांच्या आणि पहिल्या बोलपटांच्या बाबतीत हटकून येतो. १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे त्यातील नायक मास्टर विठ्ठल यांचे ते काम कोणालाच पाहता येत नाही. जुन्या नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असत. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील अशा फिल्मचा मोठा साठा जळून गेला. अशा वेळी थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका फार उपयोगी पडतात, कारण त्यांत कथासार आणि भूमिकांची नावे छापलेली असत. त्यांच्या जोडीला जाहिराती, स्थिरचित्रे आणि त्या वेळची परीक्षणे पाहावीत. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा साहित्याचा मोठा संग्रह आहे. गावोगावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांतही बांधीव नियतकालिकांचे गठ्ठे असतात. ग्रंथपालांना आधी भेटून आपला हेतू सांगितला, तर ते बहुधा आपुलकीने मदत करतात. कलावंतांची आत्मचरित्रेही जरूर वाचावीत. दुर्गा खोटे, हंसा वाडकर, जयश्री गडकर, श्रीराम लागू यांनी आपले आयुष्य स्वतःच्या शब्दांत सांगितले आहे. त्यातील तारखा मात्र स्मरणावर लिहिलेल्या असू शकतात, म्हणून त्या आपल्या यादीशी ताडून पाहाव्यात.

दूरचित्रवाणीच्या कलावंतांसाठी वेगळी धावपळ करावी लागते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असल्यामुळे एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याची रीत होती, त्यामुळे कित्येक कामे प्रक्षेपणाबरोबरच संपली. म्हणून नातेवाइकांच्या माळ्यावर पडलेली एखादी व्हीएचएस कॅसेट मोलाची ठरू शकते. तिच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जुन्या यंत्रात लावून पाहण्याची घाई करू नये, पट्टी तुटते आणि यंत्रही खराब होते. आधी ती स्वच्छ करून डिजिटल करून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

ललिताबाईंच्या वहीत दूरचित्रवाणीचे पान विलक्षण आहे. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्यांनी मंथरा केली आणि १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेतही मंथरा त्याच होत्या. मध्ये सव्वीस वर्षे गेली होती. हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी लावून पाहावेत आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत : वय वाढल्यावर पाठीचा बाक आणि चाल कशी बदलली? कैकेयीच्या कानाशी लागताना आवाज किती खाली येतो? छोट्या पडद्यावर चेहरा सतत जवळून दिसत असताना त्यांनी हातवारे कमी केले का? याच मालिकेत जयश्री गडकर कौसल्या होत्या आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ होते. तमाशापटांतील ठसकेबाज जयश्रीबाई ज्यांना आठवतात आणि ज्यांनी त्यांना केवळ कौसल्या म्हणूनच पाहिले, अशा दोन पिढ्यांना एकत्र बसवून बोलते केले, तर वहीची चार पाने सहज भरतात.

माणसांना बोलते करणे हे कौशल्याचे काम आहे. "तुम्हाला ललिता पवार कशा वाटायच्या?" असे विचारले की "छान काम करायच्या" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी थिएटर कोणते, तिकीट कोणी काढले, सोबत कोण होते, परत येताना घरी काय बोलणे झाले, असे लहान आणि नेमके प्रश्न विचारावेत. वर्ष आठवत नसेल तर "तेव्हा ताईचे लग्न झाले होते का?" असा आधार द्यावा, घरातील लग्ने, बारशी आणि बदल्या यांच्यावरून काळ बऱ्यापैकी निश्चित होतो. आपल्याला हवे ते उत्तर त्यांच्या तोंडी घालू नये. एका वयोवृद्ध मावशींनी मला सांगितले, की 'जंगली'मधली हसण्याची बंदी घालणारी आई पाहून त्या घाबरल्या नाहीत, उलट त्यांना तिची दया आली. हे उत्तर मला अपेक्षित नव्हते आणि म्हणूनच ते मी शब्दशः उतरवून घेतले. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे आणि ते नंतर त्यांना ऐकवावे. कलावंताच्या कुटुंबीयांशी बोलण्याचा योग आला, तर आजारपण आणि घरगुती वाद यांची चौकशी करू नये; त्यांनी आपणहून सांगितले तरी ते वहीत घालण्यापूर्वी पुन्हा परवानगी घ्यावी.

जमवलेल्या कागदांची काळजीही घ्यायला हवी. कात्रणांना चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत ती तपकिरी पडते आणि कागद खाते. वर्तमानपत्राचा कागद मुळातच पिवळा पडणारा असतो, म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर छायाप्रत काढून ती वहीत लावावी आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवावे. छायाचित्रांना लॅमिनेशन करू नये. मागच्या बाजूस कडेला मऊ पेन्सिलने नाव आणि चित्रपट लिहावा. लहान छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत आणि त्या फाइली किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

वहीच्या आधारे वाचनालयात किंवा सोसायटीत एखादी स्मरणसंध्या करायची असेल, तर ती दीड तासात आटोपेल अशी योजावी आणि दिवस शक्यतो जन्मदिनाचा निवडावा. एक टिपण आणि तीन प्रसंग पुरेसे होतात. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६१ चे चित्रपट आता त्या मुदतीबाहेर गेले आहेत, १९८७ ची मालिका मात्र नाही. गीत आणि संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, म्हणून जाहीर कार्यक्रमात गाणी दाखवण्यापूर्वी स्वतंत्र चौकशी करावी. टिपण तीनशे शब्दांचे असावे आणि त्यातून 'अष्टपैलू', 'अनभिषिक्त सम्राज्ञी', 'काळाच्या पडद्याआड' हे शब्द निर्धाराने वगळावेत. ते कोणत्याही कलावंताला चिकटवता येतात आणि म्हणून कोणत्याच कलावंताचे नसतात. प्रत्येक प्रसंगाआधी काय पाहायचे ते एका वाक्यात सांगावे, उदाहरणार्थ "या प्रसंगात मिसेस डिसांच्या हातांकडे लक्ष ठेवा", आणि मग दिवे मालवावेत. ज्येष्ठांना पुढच्या रांगेत बसवावे आणि प्रसंग संपल्यावर लगेच बोलण्यास उभे न राहता थोडा वेळ शांतता राहू द्यावी, कारण खऱ्या आठवणी त्या शांततेतच वर येतात.

वहीची शेवटची वीस पाने कोरी ठेवावीत आणि कार्यक्रम संपल्यावर ती वही पेनासह दाराजवळच्या टेबलावर उघडी ठेवावी. चपला घालता घालता कोणीतरी थांबते आणि म्हणते, "अहो, मी 'अनाडी' पाहिला होता तो...", तेव्हा त्यांना खुर्ची द्यावी आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.